कातण्याचं नाव

नात इटलीत. मुलगा बोटीवर गेला, तिकडची बायको केली, तिकडेच राहिला. पोरगी सहा वर्षांची, मराठीचा गंध नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला, जन्म चिरेखाणीत गेला. पण दर रविवारी फोनवर एकमेकांची नुसती तोंडं बघायची, हे मला पटेना. मीच अट घातली. मी वस्तू दाखवणार, तिने तिचा शब्द सांगायचा, मी माझा.

खुर्ची म्हणजे सेदिया. केरसुणी स्कोपा. चमच्याला कुक्कियाइओ, तो माझ्या कवळीला झेपेना, दोन दिवस कुंपणाच्या गडग्यावर बसून घोकला.

ओटीवरच्या वस्तू संपल्या तेव्हा स्वयंपाकघरात शिरलो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मी पिठी-भाताच्या टोपापलीकडे कशाला हात लावलेला नाही. तिच्या डब्यातून पितळेचं दातेरी चाक काढून दाखवलं, तर पोरगी किंचाळलीच, "रोतेल्ला!" तिच्या तिकडच्या आजीकडेही अस्संच आहे म्हणे.

"बाबा, आता तुमचा शब्द विचारत्येय," मुलगा म्हणाला.

"चाक."

"चाक गाडीला असतं, बाबा!"

दर दिवाळीला बायको हे करंजीच्या कडेने फिरवायची. कापून पडलेल्या पट्ट्या आधी तळून माझ्या चहाशी ठेवायची. मी खायचो. नाव कधी विचारलं नाही.

ते ठाऊक असणार शेजारच्या वहिनींना, थोरल्या भावाच्या बायकोला. पण बायकोच्या बाराव्यानंतर त्यांनी आमटी पाठवली होती, ती मी भरल्या वाटीनिशी परत केली होती. माझं मला करता येतं, म्हणालो होतो. तेव्हापासून बोलणं कामापुरतं. शनिवारपर्यंत कळ काढली, मग गेलो.

"वहिनी, ह्याला काय म्हणतात?"

त्यांनी चष्मा चढवला. "चाळीस वर्षं करंज्या हादडल्यात भावोजी, नि आज विचारताय?"

"सांगायचं तर सांगा."

"कातणं. तिच्यासारखी कड मला कधी साधली नाही हो." मग हळूच, "नि तिकडे काय म्हणतात?"

"रोतेल्ला."

दोनदा म्हणून बघितलं नि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. निघताना आमटीची वाटी पुढे केली. विचारलं नाही. मी घेतली.

रविवारी पोरगी कातना, कातना करत होती. नीट म्हणेपर्यंत मी तिला सोडलं नाही. मग वाटी घासली आणि वहिनींना सांगायला गेलो.