दाजींची तार

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला अख्खं गाव ‘कान’ म्हणतं. ‘गाडी कानाकडे टाकलीय.’ ‘कान जेवायला गेलाय, तासाभराने या.’ नाक, डोळे, हातपाय असा बाकीचा माणूस जणू त्यांना नाहीच. मी अर्थात दाजी म्हणतो. जुन्या मोटरसायकलींचे कार्बोरेटर साफ करायचे आणि लावून द्यायचे, एवढंच काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. टायर, ब्रेक, चेन असलं काही घेऊन गेलात तर ते समोरच्या दुकानाकडे बोट दाखवत. पण गाडी काळा धूर सोडतेय, सकाळी चालू होत नाही, सिग्नलला बंद पडते अशी तक्रार असली, की दाजी आधी गाडी चालू करायला लावणार, मान तिरकी करून ऐकणार आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेणार.

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. खाली पेट्रोलची वाटी, वाटीत पातळी राखणारा फ्लोट, आणि मध्ये पितळेचं चिमुकलं जेट. त्या जेटच्या भोकातून पेट्रोल वर जातं. भोक जेमतेम सुईच्या जाडीचं, त्यामुळे कचरा अडकतो तो तिथेच. दाजी जेट काढून उजेडाकडे धरत, मग शर्टाच्या कॉलरमध्ये खोचलेली तार काढून त्या भोकात फिरवत. ही तार म्हणजे जुन्या क्लच केबलचा एक सुटा धागा. त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, तार फिरव, बाकीचं कान सांगेल. मग गाडी चालू करून बाजूचा एअर स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे. दोन मिनिटांत इंजिन असं शांत लागे की ओरडून बोलणारं गिऱ्हाईक आपोआप हळू बोलायला लागे.

खाली गॅरेज, वर दोन खोल्या, मध्ये लोखंडी जिना. वरच्या खोलीला एकच खिडकी, तीही गॅरेजच्या अंगणावर उघडणारी. अंगणात दिवसभर गाड्या रेस होतात, म्हणून ताईने ती खिडकी लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात लावून घेतली ती आजतागायत. कपडे आत वाळतात. उशीला पेट्रोलचा वास, टॉवेलला पेट्रोलचा वास. ताईचं डोकं आठवड्यातून चार दिवस दुखतं. ‘मी नवऱ्याशी नाही, टाकीशी लग्न केलंय,’ असं ती हसत सांगायची. अलीकडे ती सांगायची तशीच, पण हसायचं सोडलं होतं.

आणि माणूस असा बांधलेला की विचारू नका. माझ्या लग्नात जेवणाच्या ताटावरून दूधवाला त्यांना उचलून घेऊन गेला, कारण त्याची गाडी चालू होईना. एकदा, फक्त एकदा, दाजी ताईला घेऊन चार दिवसांसाठी समुद्रावर गेले. दुसऱ्याच दिवशी परत. समोरच्या मेकॅनिकने तेवढ्यात तीन गाड्या उघडल्या होत्या, पुस्तकाप्रमाणे नवीन जेट टाकून लावल्या होत्या, आणि तिन्ही गाड्या दमेकऱ्यासारख्या खोकत होत्या. गाव म्हणालं, बघा, कानाशिवाय पान हलत नाही. आम्हाला अभिमान वाटला. मला तर फारच. ताईने मात्र बॅगेतून न घातलेले कपडे काढून पुन्हा कपाटात लावले.

मी शाळेत भूमिती शिकवतो. चिडका आहे, आणि दुसऱ्याच्या आयुष्याचे कोन मोजायची मला वाईट खोड आहे. दुसऱ्या शहरातल्या एका तंत्रशाळेत मोटरसायकल विभागाला शिक्षक हवा, राहायला जागा मिळेल, अशी जाहिरात दिसली. मी दाजींना न विचारता अर्ज भरून टाकला.

‘इथल्या गाड्या कोण बघणार?’ दाजी म्हणाले.

‘गाड्या बघतील आपलं आपण,’ ताई म्हणाली. ‘मला कोण बघणार ते सांगा आधी.’

मग ते आले. माझ्याच गाडीवरून तंत्रशाळेत गेलो. गाडी बावीस वर्षांची, आणि पहिल्या दिवसापासून दाजींच्या हाताखालची. परीक्षा घ्यायला एक बाई होत्या, तेल लागलेला कोट घातलेल्या. त्या म्हणाल्या, ‘आलात तीच गाडी खोला.’ दाजींनी कार्बोरेटर उतरवला, साफ केला, चढवला, मान तिरकी केली, स्क्रू फिरवला. इंजिन लागलं. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गावात हजार वेळा पाहिलेलं होतं. मनात म्हटलं, झालं, घर मिळालं.

बाईंनी जेट पुन्हा काढायला लावलं. ड्रॉवरमधून सुईसारख्या सळ्या काढल्या, प्रत्येकीवर आकडा. एक एक करून त्या भोकात घालत गेल्या.

‘याचं भोक पंच्याण्णवचं हवं,’ त्या म्हणाल्या. ‘ही एकशे दहाची सळी आरपार जातेय. साफ कशाने करता?’

दाजींनी कॉलरमधली तार काढून टेबलावर ठेवली. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

‘पितळ मऊ. तार पोलादाची. दर वेळी भोक थोडं थोडं खरवडलं जातं.’

‘मग इतकी वर्षं गाड्या चालल्या कशा?’ मी मध्येच तोंड घातलं.

उत्तर दाजींनीच दिलं, खूप सावकाश. ‘मी चालवून घेतल्या. पेट्रोल जास्त यायला लागलं की पेट्रोल अडवणारी वरची सुई एक खाच खाली. तरी जास्त वाटलं की फ्लोटची पट्टी वाकवून वाटीतली पातळी कमी. मग स्क्रू. मला वाटायचं गाडी म्हातारी होतेय.’

‘प्रत्येक गाडीला वेगळं?’

‘प्रत्येक.’

‘म्हणजे दुसऱ्याने बरोबर मापाचं जेट टाकलं, तर तीच गाडी उपाशी राहणार. पातळी तुम्ही खाली नेलेली.’ बाईंनी सळ्या डबीत भरल्या. ‘हे कुठे लिहून ठेवलंय?’

दाजींनी मान हलवली. लिहायचं कशाला? सगळं कानात होतं.

आणि तरी बाईंनी त्यांना घेतलं. ‘स्वतःची सव्वीस वर्षांची चूक पाच मिनिटांत कबूल करणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही,’ असं त्या म्हणाल्या. पत्र हातोहात दिलं. चाळीस दिवसांत होकारावर सही करून पाठवायची, नाहीतर जागा दुसऱ्याला.

 येताना चहाला थांबलो तेव्हा दाजी कप तसाच हातात धरून म्हणाले, ‘मास्तर, तीनशे तरी गाड्या असतील. समोरचा बिचारा बरोबर लावत होता. मी बिघडवायचो, मीच दुरुस्त करायचो आणि लोक मला हात जोडायचे.’

‘झालं ते झालं. आता सुटा.’

‘असं कसं सुटू? या गाड्यांना माझ्याशिवाय कोणी हात लावू शकणार नाही, अशा करून ठेवल्यात मी. त्या तशाच टाकून पळू?’

मी चिडलो. पण ताईने ऐकलं आणि तिचं वेगळंच. तिने बोटांवर हिशेब केला: चाळीस दिवस, दिवसाला आठ गाड्या. ‘सगळ्या सरळ करा, पुस्तकाप्रमाणे लावा आणि मग चला. कोणीही उघडली तरी चालेल अशा करा.’ तिने त्याच आठवड्यात पडद्याचं कापड आणलं. तंत्रशाळेच्या घराला तीन खिडक्या होत्या आणि मापं बाईंनी फोनवर सांगितली होती. ताई शिवणयंत्रावर बसली आणि गुणगुणायला लागली. तिला गुणगुणता येतं हे मी विसरलो होतो.

पहिली गाडी माझीच. नवीन जेट, फ्लोटची उंची पट्टीने मोजून, सुई मधल्या खाचेत, स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा मागे. दाजी ओठ घट्ट मिटून काम करत होते. गाडी चालू केल्यावर मान आपोआप तिरकी झाली, ती त्यांनी सरळ केली. तारही त्याच दिवशी कचऱ्यात गेली.

मग गिऱ्हाइकांच्या गाड्या. पहिल्या आठवड्यात चाळीस झाल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या तीस परत आल्या.

‘कान, हिचा आवाज बदलला.’ ‘कान, पिकअप गेलं.’ दूधवाल्याला लिटरमागे सहा किलोमीटर जास्त मिळायला लागले, तरी तो म्हणाला, ‘ॲव्हरेज काय चाटायचंय? पूर्वी मूठ पिळली की गाडी उडी मारायची.’ दाजी प्रत्येकाला समजावत. माझ्या हातून चूक झाली होती, जेटची भोकं मोठी झाली होती, आता खरं माप आहे, पंधरा दिवस चालवा, सवय होईल. त्यांचं कोणी ऐकेना, आणि खरंही मानेना. लोकांना वाटे हा विनय. ‘एवढा मोठा कारागीर, पण बोलणं बघा,’ म्हणत आणि वर ‘आधीसारखी करून द्या’ म्हणत. ज्यांना नोकरीचं कळलं होतं ते तिखट बोलले. ‘जायचंय ना, म्हणून हात राखून काम चाललंय.’

हे शेवटचं त्यांना फार लागलं. सव्वीस वर्षं चुकीचं काम मनापासून केलं तेव्हा डोक्यावर घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर काम केलं तर कामचुकार ठरले. मी म्हणालो, गाव गेलं खड्ड्यात, सही करा. ते म्हणाले, थांब. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. रात्रंदिवस खाली खटखट चालू, आणि वर शिवणयंत्राचा आवाज हळूहळू कमी होत गेला. तीन पडद्यांपैकी दोन झाले होते.

चाळिसाव्या दिवशी दुपारी मी शाळेतून परस्पर तिकडे गेलो. दाजी वरच्या खोलीत जमिनीवर बसले होते, पुढ्यात पत्र, हातात पेन. ताई दाराला टेकून उभी. टपाल पाचला निघायचं.

‘एक माणूस,’ दाजी म्हणाले. ‘या सगळ्यांतला एक माणूस म्हणू दे की गाडी आधीपेक्षा बरी चालते. मी सही करतो. मग बाकीच्यांनाही सवय होईल असं मी धरून चालेन.’

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला. हे तिला आधीच कसं सुचलं नाही, असा. ‘अहो, हा काय समोर उभा आहे! पहिली गाडी याचीच केलीत ना? विचारा याला.’

‘काय मास्तर?’

‘उत्तम चालते,’ मी म्हणालो. ‘धूर नाही. ॲव्हरेज वाढलं.’

‘आधीपेक्षा बरी?’

एवढं ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. पण जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासाठीच. शिवाय खरं सांगायचं तर, गेले तीन आठवडे माझ्या मनात एकच घोळत होतं: दाजी जायच्या आधी माझी एक गाडी तेवढी पहिल्यासारखी करून मागावी. दुसऱ्यांचं काही असो, मी तर घरचाच.

‘बरीच आहे,’ मी म्हणालो. ‘फक्त चढाला जरा ओढत नाही.’

दाजींनी पेनाला टोपण लावलं. उठले, जिना उतरले. मी मागोमाग धावलो, ‘अहो दाजी, तेवढंच, बाकी काही तक्रार नाही,’ असं काहीबाही बरळत. ते कोपऱ्यातल्या भंगारातून जुनी क्लच केबल ओढत होते. पकडीने तिचा एक धागा सोडवला. माझ्या गाडीची वाटी उघडली, नवं कोरं जेट उजेडाकडे धरलं, आणि भोकात तार घालून फिरवायला लागले. कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर माहीत होतं.

ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

‘तुझ्या शाळेच्या वाटेवर चढ आहे तरी कुठे रे?’ तिने विचारलं.

‘पाण्याच्या टाकीपाशी.’

‘केवढा?’

‘चाळीसेक पावलं.’

ती आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. पाच वाजून गेले. दाजींनी मान तिरकी करून स्क्रू लावला, हात पुसले आणि म्हणाले, ‘जा, चालवून बघ.’

मी गेलो. न जाण्याची हिंमत झाली नाही. टाकीच्या चढाला मूठ पिळली, आणि गाडी एका दमात वर गेली. मला इतकं बरं वाटलं की वर पोचेपर्यंत ताईची आठवणसुद्धा झाली नाही.