एकशे बारावं पान

वस्तीत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. पीएचडी अजून पुरी व्हायची होती, आणि झाली तरी हिच्या हातून कुणाचा ताप उतरणार नव्हता. पण लोकांना समजावणार कोण? विषय घरचाच होता. मूठभर माणसं, त्यांच्या पायाखालची जमीन, आणि ‘आपण इथलेच’ असं त्यांना कशाच्या जोरावर वाटतं. चार वर्षं ती दारोदार मुलाखती घेत हिंडली. रेकॉर्डर लावायचा, माणसाला बोलू द्यायचं, मग खोलीत बसून सगळं टाइप करायचं. मार्गदर्शकांनी खूश होऊन एक प्रकरण विद्यापीठाच्या वेबसाइटवर टाकायला लावलं. बाई हरखून गेली. नको तिथं हरखायची खोड असतेच शिकलेल्यांना.

महिन्याभरात मोजणीवाले आले. कुणाला न विचारता त्यांनी घराघराच्या भिंतीवर लाल आकडे रंगवले. कशाला, असं एका म्हातारीनं विचारलं, तर “कळेल” एवढंच म्हणाले. सगळ्यांच्याच मनात पाल चुकचुकली. त्या दिवसापासून वस्तीत कुणी मोठ्यानं बोलेना.

मग नोटीस आली. सरकारी कागद वाचायचा तो डॉक्टरीणबाईनंच. वस्तीत सगळ्यांत वडीलधारे असलेल्या मोठ्या काकांच्या पुढच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली. तिनं वाचायला घेतलं. पंधरा दिवसांनी सुनावणी, नंतर जागा खाली करायची. ही माणसं मूळची इथली नाहीत, तसं त्यांच्याच तोंडचं विधान उपलब्ध आहे. पुढची ओळ पाहून ती वाचायची थांबली. पुरावा म्हणून तिच्याच प्रबंधाचं एकशे बारावं पान जोडलं होतं.

“थांबलीस का? वाच,” काका म्हणाले.

“‘आम्ही कसले इथले? आम्ही पाहुणे. यजमानानं ऊठ म्हटलं की उठायचं.’”

“कोण हा घरभेदी?” काकांचा आवाज चढला. “नाव वाच त्याचं.”

“नाव नाहीये. मी कुणाचंच नाव छापलं नाही.” तिनं कागद खाली ठेवला. “हे तुम्ही बोललात, काका. माझ्याशी.”

मग काकांना आठवलं. “अगं, ती तर चेष्टा. आपण कसं बोलावं असं वस्तीबाहेरच्या लोकांना वाटतं, त्याची नक्कल करून दाखवली तुला. दोघंही पोट धरून हसलो होतो की.”

हसले होते, खरंच. टाइप करताना तिनं ते हसणं गाळलं होतं. वाक्य इतकं नेमकं होतं की तिला मोह आवरला नाही. आता शरमेनं तिला मान वर करवेना.

“मग त्यात काय एवढं,” काकांचा जीव भांड्यात पडला. बसलेल्या माणसांकडे वळून त्यांनी हातानंच दिलासा दिला. “सुनावणीला ते रेकॉर्डिंग साहेबांपुढं लाव. खो खो हसतोय मी त्यात. कुणालाही कळेल.”

“पुसलं, काका,” ती म्हणाली. “सगळ्यांचंच पुसलं. तुमचा आवाज कुणाच्या हाती लागू नये म्हणून.”