मामांची गुरुवारची आंघोळ

भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी. विजेच्या कुठल्याशा जुन्या सोयीसाठी कोणीतरी ती ठरवली, आणि तेव्हापासून आमचा रविवार म्हणजे कामाचा वार. जगभरचे ख्रिस्ती रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला जातात. मी त्या वेळी सेफ्टी शूज घालून, लोखंडी कव्हरांना भोकं जागेवर पडलीत की नाही हे बघत असतो.

आमच्यासारख्यांसाठी पाळकसाहेबांनी रविवारी संध्याकाळी वेगळी उपासना ठेवलेली आहे. तिला येणारी माणसं शिफ्टवरून थेट येतात. अंगाला मशीनच्या कूलंटचा वास, पाठीवर डब्याची पिशवी. गायनाला उभे राहतात आणि प्रवचनाला झोपतात. मी त्यांच्यातलाच, पण माझा ठाम समज असा होता की मी त्यांच्यातला नाही. खरी उपासना सकाळची. तिथे रिटायर्ड अधिकारी असतात, पुढच्या बाकावर चर्चची पंचकमिटी असते, बायकांच्या साड्यांना कडक घड्या असतात. संध्याकाळच्या लोकांकडे बघून मला वाटायचं, देव यांना ऐकत असेल, पण नाक दाबून.

आता माझा गुरुवार सांगतो, म्हणजे मी काय दिव्य केलं ते कळेल.

गुरुवारी आम्ही नवराबायको कुरुळीला जायचो. तिथे माझे सासरे, म्हणजे मामा, राहतात. ऐन उमेदीत नगरकडून आले, फाउंड्रीत उभा जन्म घातला, कुरुळीत दोन खोल्या बांधल्या. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली. ती गेली असती तरी चाललं असतं, असं मला दर गुरुवारी वाटायचं. सासूबाई रोज ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसायच्या, पण मामांना उचलून न्हाणीत नेणं त्यांच्या ताकदीबाहेरचं. परका माणूस मामांना चालत नव्हता. लेकीसमोर उघडं व्हायला ते तयार नव्हते. उरलो मी. आठवड्यातून एकदा, गुरुवारी सकाळी, मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आंघोळ घालायचो. मीही त्यात चिंब व्हायचोच, म्हणून घरून पारोसाच निघायचो आणि माझी आंघोळ मागाहून, उरलेल्या पाण्यात.

या सेवेबद्दल मामांनी मला कधी बरा शब्द दिला असेल तर तो मी ऐकलेला नाही.

"जावईबापू, पाठ घासताय का पत्ता लिहिताय?"

"मामा, जोरात घासलं तर ओरडता."

"जोरात आन् बरोबर यात फरक हाय. कंपनीत हेच करता का?"

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एक जास्तीचा कार्यक्रम असे. पाळकसाहेब आजारी लोकांना घरी प्रभुभोजन द्यायला निघत. त्यांची स्कूटर आणि भाकर-प्याल्याची छोटी काळी पेटी दुपारपर्यंत कुरुळीला पोचायची. मामांचा नियम असा की प्रभुभोजन घ्यायचं ते त्याच दिवशी अंगावर पाणी घेऊन. फडक्याने पुसलेलं चालायचं नाही. कालची आंघोळही चालायची नाही. हा नियम कुठल्या शास्त्रात आहे असं मी एकदा विचारलं. "माझ्या आईच्या," ते म्हणाले, आणि साबण डोळ्यात गेला म्हणून मला शिवी दिली. पहिल्या गुरुवारी शिवी देत नसत. ती त्या दिवशी चुकून गेली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या डोक्यात भक्ती शिरली.

झालं असं, की पंचकमिटीतल्या एका काकांनी मला एका लग्नात म्हटलं, "तुमचा आवाज चांगला आहे. सकाळच्या उपासनेला शास्त्रपाठ वाचायला हवे होतात." बास. माणूस एवढ्यावर बिघडतो. मला व्यासपीठ दिसायला लागलं, माइक दिसायला लागला, पुढल्या वर्षीच्या पंचकमिटीत स्वतःचं नाव दिसायला लागलं. बायकोला मात्र मी म्हणालो, "रविवारचा शब्बाथ पाळला पाहिजे. आपण फार ढिले झालोय."

"आणि बाबांचं?"

"रविवारी चर्च सुटलं की थेट कुरुळी. एक वार इकडचा तिकडे, त्यात काय."

तिने भांडी जरा जोरात घासली.

गुरुवारऐवजी रविवारची सुट्टी मागायला मी एचआरच्या साहेबांकडे गेलो. रात्री पाठ केलेलं भाषण तिथे केलं. दहा आज्ञा, त्यातली शब्बाथाची चौथी, श्रद्धेचं स्वातंत्र्य, कामगाराचा विवेक. नकार आला तर काय बोलायचं तेही तयार होतं. छळ सोसायची माझी पूर्ण तयारी होती. साहेबांनी मान वर न करता ऐकलं आणि म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी आज्ञा कशाला सांगताय? गुरुवारी मेंटेनन्सवर लक्ष ठेवायला सुपरवायझर पाहिजेच होता. कोणी तयार होत नव्हतं."

झाला माझा छळ.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या उपासनेला पुढून दुसऱ्या बाकावर बसलो. शास्त्रपाठ मिळायला तीन रविवार गेले आणि मिळाला तो बायबलातल्या वंशावळीचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. मी तो असा वाचला की जणू ते सगळे माझे चुलते होते. बाहेर आल्यावर एका बाईंनी विचारलं, माइक बिघडलाय का.

सकाळची खरी माणसं मला तेव्हा जवळून बघायला मिळाली. उपासनेनंतर त्यांची सभा असे. चपलांचा स्टँड दाराच्या डावीकडे असावा की उजवीकडे, यावर दोन गट होते. प्रार्थनेने सुरुवात, प्रार्थनेने शेवट, मध्ये एकमेकांच्या खानदानाचा उद्धार. मी उजव्या गटात होतो, आणि हिरिरीने होतो. सभा संपेपर्यंत दुपार टळायची. मग पोटात भूक, चाकणच्या रस्त्याला ट्रकांची रांग. कुरुळी राहून जायची. "पुढच्या रविवारी नक्की" हे वाक्य मी इतक्या भक्तिभावाने म्हणायचो की तीही प्रार्थनाच वाटावी.

पहिला गुरुवार आला. मी बंद कारखान्यात एका फिटरच्या डोक्याशी उभा होतो. संध्याकाळी बायको कुरुळीहून आली आणि ताट माझ्यासमोर आदळून म्हणाली, "पाळकसाहेब आले होते. बाबांनी प्रभुभोजन घेतलं नाही."

"का?"

"अंग मळकं आहे म्हणाले. पाळकसाहेबांनी किती समजावलं. नाहीच म्हणाले."

मी हसलो. नव्या नव्या भक्ताला असतं तसं सगळं शास्त्र माझ्या तोंडाशी होतं. लगेच फोन लावला. "मामा, देव बाहेरचं बघत नाही. देव अंतःकरण बघतो."

ते म्हणाले, "मंग रविवारी तुमी इस्त्रीचा शर्ट कुनाला दाखवाया घालता?"

फोन त्यांनी ठेवला. मी शर्ट तरीही घातला. त्या रविवारी चपलांच्या स्टँडवर मतदान होतं.

दुसरा महिनाही तसाच गेला. पाळकसाहेब आले, मामांनी हात जोडले, पेटी न उघडता परत गेली. बायको या वेळी ताट आदळायलाही थांबली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "आई सांगत होती, पाळकसाहेब गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. जेवले नाहीत. अहो, त्यांना सगळ्या महिन्यात तेवढं एकच असतं हो." मग स्वयंपाकघरातून, "तुमचा स्टँड कुठे लागला?"

"डावीकडे," मी म्हणालो. आम्ही हरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एचआरच्या दारात. या वेळी भाषण नव्हतं.

"साहेब, मला गुरुवारच परत पाहिजे."

साहेबांनी आता मात्र मान वर केली. "चौथी आज्ञा बदलली का?"

"घरचं काम आहे. गुरुवारचं."

"दर गुरुवारी?"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. खुर्ची मागे सारून ते मायेने म्हणाले, "मग असं सांगा ना राव. लाजायचं काय त्यात? आमच्याकडेही दत्ताचंच आहे. आई गुरुवारी पाणीसुद्धा पीत नाही." मी नाही नाही म्हणत होतो आणि ते हो हो म्हणत पुढच्या महिन्यापासूनच्या बदलावर सही करत होते. त्यांना खरं सांगितलं तर सासऱ्याच्या आंघोळीसाठी वार मागतोय असं सांगावं लागलं असतं. सबंध कारखान्याने मला जन्मभर न्हाऊ घातलं असतं. मी सहीचा कागद घेऊन निघालो.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी लाइनवर पोचली. बीडचा एक ऑपरेटर जवळ येऊन म्हणाला, "भावा, बरं केलंस. गुरू पाहिजेच." कोणीतरी डब्याशेजारी दोन केळी ठेवली. केळी मी खाल्ली. पुढे ही गोष्ट पंचकमिटीतल्या त्या काकांपर्यंतही गेली, कारण त्यांचा पुतण्या आमच्या स्टोअरला आहे. शास्त्रपाठासाठी मला परत बोलावणं आलं नाही. ज्यांना चपला ठेवायची जागा ठरवायला कित्येक सभा लागल्या, त्यांनी माझा आत्मा कुठे ठेवायचा ते एका सभेत ठरवलं.

तिसऱ्या महिन्याचा पहिला गुरुवार. पाळकसाहेबांच्या आधी पोचायचं म्हणून मी बायकोला मागे बसवून सुसाट कुरुळी गाठली. मामा भिंतीकडे तोंड करूनच होते.

"कोन?"

"मी, मामा. पाणी काढतो."

"आज शब्बाथ न्हाई का तुमचा?"

मी त्यांना उचललं. दोन महिन्यांत हलके झाले होते, ते हातांना आधी कळलं. खुर्चीत बसवलं, पाठीवर पाणी ओतलं, साबण लावला. फडक्याने न निघालेलं सगळं निघायला लागलं. मानेमागे, काखेत, पोटाच्या वळीत. ते एक शब्द बोलले नाहीत. पत्ता नाही, कंपनी नाही. मला ते सहन होईना.

"पाणी गार आहे का, मामा?"

"चांगलं हाय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "कानामागं राहिलं."

बाहेर स्कूटर थांबली. मी घाईने त्यांना पुसलं, धुतलेला सदरा चढवला, कॉटवर टेकून बसवलं, केस विंचरले. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पेटी उघडली. सासूबाई आणि बायको डोक्यावर पदर घेऊन बसल्या. मीही ओल्या बनियनवर, पँटचे पाय दुमडलेले, शेवटी टेकलो. प्रार्थना झाली. भाकर आधी मामांना दिली. त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग सासूबाईंना, मग बायकोला. पाळकसाहेब माझ्याकडे वळले.

"त्यांना थांबवा," मामा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले. "जावईबापूंची आंघोळ व्हायचीय अजून."

पाळकसाहेबांचा हात तसाच राहिला. बायकोने पदर तोंडात धरला. मी पाळकसाहेबांकडे बघितलं, की हा माणूस तरी शास्त्राच्या बाजूने दोन शब्द बोलेल. ते म्हणाले, "जा. मी थांबतो."

मी न्हाणीत गेलो. खुर्ची तशीच ओली होती. बादलीत अर्धं पाणी उरलं होतं, पार गार. मी त्या खुर्चीत बसून ते डोक्यावर ओतून घेतलं.

"कानामागं," आतून आवाज आला.