वरण बंद, जखम चालू

स्कुटी स्टँडवर घेताना माझ्या नडगीचं कातडं सोललं. लहानपणी आंजी गावात असल्या जखमा शेतातून घरी येईपर्यंत मी विसरून जायचे. आता पासष्टी ओलांडली. दोन आठवडे झाले तरी जखम ओलीच.

मोठी बहीण जाम गावाहून आर्वीला माझ्याकडे आली आणि तिनं माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वरण बंद, अंडी बंद, वांगी बंद. "जखम पिकते, माय! आपल्या आईनं देलं का कधी?" पट्टीही काढली. "हवा लागू दे, लवकर वाळते." आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पण आईचं नाव निघालं की आमच्याकडे वाद संपतो. भात-भाजी खात राहिले.

जखम भरेना, तेव्हा बहिणीनं पुण्याला माझ्या मुलाला फोन लावला. तो मला म्हणाला, "आई, बस झालं एकटीनं राहणं. महिनाअखेर येतो, घराला कुलूप लावू."

कुलूप! दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑटो करून सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. साखर तपासली, ठीक निघाली. "मॅडम, वयानं कातडी पातळ होते, नवी हळू तयार होते. वेळ लागेल, पण भरेल. झाकून ठेवा. जेवता काय?"

सांगितलं. तो म्हणाला, "वरण नाही, अंडं नाही, मग नवी कातडी बनेल कशाची?"

घरी येऊन कुकर लावला. तुरीचं घट्ट वरण, दोन उकडलेली अंडी. बहीण दारातूनच ओरडली, "काऊन व, पाय कापाची पाळी आनतं का?"

"पाय माझा आहे. पाहून घेईन."

"शिकली म्हणून लय शहाणी झाली!"

"झाली ना. त्याच्यासाठीच तं शिकली."

त्या दिवसापासून मी दोन्ही वेळ वरण ओरपलं.

मुलगा आला तेव्हा त्याच्यासमोरच पट्टी सोडली. जखमेच्या कडा आत सरकल्या होत्या, मधे गुलाबी मांस धरलं होतं.

"पण बरी कुठं झाली अजून?" तो म्हणाला.

"नाही झाली. अजून महिना लागेल, दोन लागतील. म्हातारं कातडं आहे, आपल्या चालीनं चालेल. तेवढ्यासाठी मी माझं घर सोडणार नाही."

त्यानं मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "माह्याकडं काय पाहतं? तिचं ती पाहून घेते म्हणते."

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी पुण्याला गेली. माझी बॅग कपाटावरून खाली उतरलीच नाही.