हलीनाबाईंची खुर्ची

आमच्या शिकागोच्या गल्लीत बर्फ उपसून जो गाडीपुरती जागा करतो, तो तिथं खुर्ची मांडतो. मग ती जागा त्याची. पालिकेच्या भरवशावर राहिलं तर उन्हाळाच उजाडेल. शेजारच्या हलीनाबाईही दारासमोर नवऱ्याची खुर्ची मांडतात. नवरा, काझिक, जाऊन दोन हिवाळे झाले, गाडीही विकली, तरी त्यांच्या जागेत कुणी शिरत नाही.

यंदा आठवडाभर आम्ही पालिकेला फोनवर शिव्या घातल्या, तेव्हा कुठे बर्फ काढणारी गाडी आली. चालक ओरडला, "आजी, खुर्ची उचला! गाडी तर दिसत नाही, जागा कुणासाठी अडवलीय?"

"अँब्युलन्ससाठी, मेल्या," त्या म्हणाल्या. "माझ्या काझिकला न्यायला निघाली, ती तुम्ही न काढलेल्या बर्फात कोपऱ्यावरच अडकली. अजून पोचायचीय."