टोरंटो ते नागपूर, चौदा तास

मंडळी, आज अकोल्याहून परतले ती संताप घेऊनच.

तिथली माझी मैत्रीण शालू काल सकाळी वारली. मुलगा टोरंटोला. मुलगी वैशाली आईजवळच राहायची, दोन वर्षं सगळं तिनेच केलं.

शालूच्या दिरांनी कालच मोबाइलमध्ये बघून जाहीर केलं, “टोरंटो ते नागपूर चौदा तास. उद्या सकाळी पोरगा हजर!” नकाशावरच्या सरळ रेघेचा हिशेब तो. थेट विमान आहे का, मध्ये किती थांबावं लागतं, नागपूरहून पुढे अकोल्याला किती वेळ, कोणी पाहिलंच नाही.

आज दुपारी शालूखालचा बर्फ वितळून पाणी दारापर्यंत आलं होतं, आणि मुलगा अजून दोह्याच्या विमानतळावर अडकलेला.

मी म्हटलं, “वैशाली देईल अग्नी.”

दीर म्हणाले, “बाई, कावून घाई करून राहिल्या? आमच्यात पोरगी अग्नी देत नसते.”

“मग बांधा विमानाला दोरी आणि ओढा सगळे मिळून!”

शेवटी मुलाचाच फोन आला. “काका, आता थांबू नका. ताईले करू द्या.” लगेच सगळे उठले! वैशालीच्या रडण्याने जे झालं नाही, ते दोह्याहून आलेल्या एका वाक्याने झालं. किळस आली मला.

स्मशानातून परतल्यावर दीर कौतुकाने म्हणतात, “पोराचं मन मोठं. बहिणीले मान देल्ला.”

मला एवढंच सांगा, वैशाली दोन वर्षं आईचं अंथरूण धूत होती, तेव्हा ‘थांब, भावाला येऊ दे’ असं तिला एकाने तरी म्हटलं होतं का?