मागच्या जागेचे मानकरी

"मागची जागा वडीलधाऱ्यांची. का, ते विचारायचं नाही!"

भाईंदरच्या आमच्या पक्षीदर्शन मंडळात मी शिरले त्या दिवशी मला हा नियम ऐकवण्यात आला. ऐकवणारे भाऊकाका. माझे सख्खे काका आणि मंडळाचे चिटणीस, म्हणजे घरी आणि बाहेर दोन्हीकडे माझ्यावर ओरडायचा परवाना असलेले एकमेव गृहस्थ.

आमच्या होड्या दोन, अगदी निमुळत्या, तीन माणसांच्या. पुढचा माणूस वल्हवतो, मधे पाहुणा बसतो आणि मागचा वल्ह्यानं दिशा देतो. होडी कुठे जाणार हे मागचाच ठरवतो. पहिल्या होडीत मागे आमचे अध्यक्ष नाना, रिटायर्ड हेडमास्तर. दुसरीत मागे भाऊकाका. तिसरे ज्येष्ठ सभासद बापू, रेल्वेतले माजी गार्ड. पण ते वयानं लहान, म्हणजे फक्त अठ्ठावन्न वर्षांचे, म्हणून भाऊकाकांच्या पुढे! आणि नानांच्या पुढे मी. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. पक्षी ओळखायचा मी, वल्हवायचं मी, होडी चिखलात घालायची नानांनी.

मला मागची जागा हवी होती. तीन हिवाळे मागत होते. ती मिळाली नाही, किस्से मात्र मिळाले. खाडीत गाळ साचतो तसे साचलेत. आज थोडा उपसते.

* * *

होड्यांपासूनच सुरुवात करते. नानांनी कुठल्याशा परदेशी मासिकात 'कयाक'चा फोटो पाहिला आणि सुताराला तो दाखवून लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून घेतला. वरून डांबर. धर्मा तांडेल, आमच्या शेजारचा जुना कोळी, बघायला आला. दोनदा फेरी मारून म्हणाला, "मास्तर, ही होडी हाय का पालना?"

नाना रागावले. होडी आहे हे सिद्ध करायलाच जणू त्यांनी ती रीतसर पुजली. हळद, कुंकू, फुलं. आणि कोळ्यांच्या होडीवर फोडतात तसा जोरात नारळ फोडला. थेट होडीच्या नाकावर!

कॅनव्हासच तो. नारळाचं पाणी आत, आणि थोड्या वेळानं खाडीचंही.

"शुभ झालं," नाना म्हणाले.

"नारल बी फुटला, होडी बी फुटली," धर्मा म्हणाला. "येका दगडात दोन कामं!"

* * *

भरतीचा हिशेब इथल्या कोणत्याही कोळणीला पाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची की वेळ निघते. द्वादशी असेल तर नऊ. एका द्वादशीला रविवार आला. मी आठ दिवस आधीपासून सांगत होते, नऊला निघायलाच हवं.

साडेआठला नाना "दोन शब्द" बोलायला उभे राहिले.

पावणेदहाला ते सृष्टीच्या उत्पत्तीपर्यंत आले होते. मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यांनी हातानंच मला बसवलं. साडेदहाला माकडाचा माणूस झाला आणि टाळ्या पडल्या. अकराला आम्ही होड्या लोटल्या, बाराला तिवरांच्या झाडीत मधोमध चिखलात बसलो. पाणी गेलेलं! चहूकडे निवट्या, चिखलातले ते चिमुकले मासे, उड्या मारत होत्या, आणि खाली उतरलं तर माणूस कंबरेपर्यंत आत. पाच वाजेपर्यंत हलायचं नाव नको.

पाहुण्यांपैकी एक गृहस्थ रडवेले झाले. तेव्हा दुसऱ्या होडीतून भाऊकाकांचा आवाज आला, "वेळ आहेच, तर आभारप्रदर्शन उरकून घेऊ या का?"

आणि उरकलं! अर्धा तास!

* * *

भाऊकाकांचा आणखी एक बाणा आहे. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही. एका जोडप्याला फ्लेमिंगोच बघायचा होता. मी खरं सांगितलं, "आज नाहीत. पण तो खंड्या बघा, किती जवळ आहे."

"नाहीत कसे?" भाऊकाका गरजले. "ते बघा, मिठागराच्या बांधावर! गुलाबी!"

गुलाबी होतं खरं. मिठागरावरच्या बायकांनी वाळत घातलेलं लुगडं होतं ते. जोडप्यानं चार फोटो काढले. त्यातल्या बाई म्हणाल्या, "किती स्तब्ध उभा आहे नाही!"

घरी आल्यावर मी काकांना म्हटलं, "फ्लेमिंगोला काठ-पदर असतात, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं."

"पाहुणे खूश झाले ना? मग तुझं पोट का दुखतंय?"

* * *

बापूंची नोकरी सुटली, शिट्टी सुटली नाही. होड्या निघायच्या म्हणजे शिट्टी, वळायच्या म्हणजे शिट्टी. एका सकाळी बगळ्यांचा मोठा थवा झाडावर होता. मी वल्हं उचलून धरलं, श्वाससुद्धा जपून घेत होते. पाहुण्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

बापूंनी थांबण्याचा इशारा दिला. फुर्रर्र!

झाड रिकामं.

"पाहिलंत?" बापू शांतपणे म्हणाले. "हिला शंभरदा सांगितलं, पिवळी साडी नेसून येऊ नकोस. पक्षी बुजतात."

* * *

एकदा मात्र मला मागची जागा मिळाली. नानांनी होडी सरळ तिवरांच्या जाळीत घुसवली. फांद्या पाहुण्यांच्या टोपीत, मुळं होडीखाली. मागे घ्या म्हटलं तर नाना आणखी पुढे जात होते. शेवटी माझ्या लक्षात आलं, या होडीची दोन्ही टोकं सारखीच आहेत! मी बसल्याजागी उलटी फिरले, पाहुण्यांना फिरायला सांगितलं, नानांनाही. झालं! मी मागची, नाना पुढचे. दहा मिनिटांत सगळ्यांना धक्क्याला लावलं.

धर्मा बघतच होता. नाना उतरले आणि त्याला म्हणाले, "आज मुद्दाम पुढे बसून शिकवलं हिला."

पुढच्या बैठकीत मी मागची जागा रीतसर मागितली. "लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला शिकवून काय करायचं?" असं बापू म्हणाले आणि चहा आला.

* * *

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. मंडळाला पक्का धक्का बांधून हवा होता, म्हणून एका बड्या साहेबांना सपत्नीक बोलावलं. साहेबांना खाडीतले बगळे कमी वाटतील, म्हणून नानांनी कार्यक्रम थेट पालीच्या समुद्रावर ठेवला. खडकांपलीकडे समुद्री गरुडाची जोडी बसते, ती दाखवायची. होड्या मिठाच्या ट्रकवरून नेल्या.

जेवण लांबलं. किनाऱ्यावर आलो तोवर ऊन कललं होतं आणि वारा उठला होता. खडकांबाहेर पांढऱ्या फेसाच्या रेघा दिसत होत्या. सोबत आलेला धर्मा म्हणाला, "मास्तर, आज भायेर नका जाऊ. मी माजी मोठी होडी पन काडनार न्हाय."

"तीन वर्षं होडी चालवतोय आम्ही," नाना म्हणाले.

"ती पोर चालवतेय."

नानांनी ऐकलं नाही. साहेबांच्या बाईंना पहिल्या होडीत मधे बसवलं, स्वतः मागे बसले. बाई हौशी होत्या, हसत होत्या. दोन्ही हातांनी होडीच्या कडा मात्र घट्ट धरल्या होत्या.

"चल, बस पुढे," नाना मला म्हणाले.

मी गुडघाभर पाण्यात उभी होते. होडी पायांना धडका देत होती.

"नाही बसणार."

"काय?"

"बसणार नाही. आणि होडीही जाऊ देणार नाही."

"साहेबांसमोर उलट बोलतेस?" भाऊकाका किनाऱ्यावरून ओरडले. "मोठ्यांच्या अनुभवाची काही किंमत आहे की नाही?"

"आहे ना," मी म्हटलं. "म्हणून अनुभवी माणसांनाच विचारते. बाहेर होडी उलटली तर बाईंना कोण काढणार? तुम्हा तिघांत पोहता कोणाला येतं?"

नानांनी भाऊकाकांकडे पाहिलं. भाऊकाकांनी बापूंकडे. बापू वाळूकडे बघत राहिले.

बाईंनी पदर खोचला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि होडीतून उतरल्या.

मागच्या जागेवर नाना एकटेच बसून होते.